ट्रेडमिलवरची नऊ मिनिटं

स्ट्रेस टेस्टच्या, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासायच्या, खोलीत आलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘किती वेळ पळायचंय?’ पळायचं नसतंच, निदान पहिली सहा मिनिटं तरी. चालायचं असतं, तेही चढावर. पट्टा सुरू होतो तेव्हा वेग असतो ताशी २.७ किलोमीटर, दुकानांच्या काचा बघत रेंगाळावं तेवढा. चढ मात्र पहिल्या पावलापासून १० टक्के. दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढतं: ४ किलोमीटरला १२ टक्के, ५.५ ला १४, ६.८ ला १६. ही शिडी सिॲटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडली, आणि अजून तीच सगळ्यात जास्त वापरात आहे.

आम्ही त्या पट्ट्याशेजारी उभे राहणारे. एकाची नजर पडद्यावर, दुसऱ्याचा हात बीपीच्या पट्टीवर, आणि दोघांचंही अर्धं लक्ष चालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. तिथून जे दिसतं ते लिहितोय, कारण चाचणी संपली की लोक कागदावरचा एकच शब्द वाचून निघतात, ‘निगेटिव्ह’ नाहीतर ‘पॉझिटिव्ह’. व्यायाम किती झेपेल, कुठे थांबायचं, याचं उत्तर त्या शब्दात सापडत नाही. ते शेजारच्या आकड्यांत छापलेलं असतं आणि तिकडे कुणी बघत नाही.

आधी तयारी. चाचणीपूर्वी दोन-तीन तास काही खाऊ नये. भरल्या पोटी चढ चढताना मळमळतं आणि ती मळमळ हृदयाची की जेवणाची हे आम्हालाही कळत नाही. चहा-कॉफी आणि सिगारेट चाचणी होईपर्यंत नको. पायात सवयीचे खेळाचे बूट हवेत. चपलेवर १४ टक्के चढ जमत नाही, आणि खास चाचणीसाठी आणलेले कोरे बूट टाच सोलतात. छातीला तेल, पावडर, क्रीम लावून येऊ नये, त्यावर इलेक्ट्रोड, म्हणजे ईसीजीच्या वायरी जोडायच्या चिकट चकत्या, टिकत नाहीत.

औषधांचा घोळ जास्त मोठा. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, ॲटेनोलोल ही बीटा ब्लॉकर मंडळी नाडी फार वाढू देत नाहीत. ब्लॉकेज आहे का हे शोधायला चाचणी लिहून दिली असेल तर डॉक्टर ही गोळी एक-दोन दिवस आधी थांबवायला सांगू शकतात. उलट उपचार चालू असलेल्या माणसाला किती व्यायाम झेपतो हे बघायचं असेल तर गोळी घेऊनच यायचं असतं. प्रश्न दोन वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी, आणि ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायची. शेजाऱ्याला बंद करायला सांगितली होती म्हणून आपणही केली, हा प्रकार नको. बीटा ब्लॉकर एकदम तोडलं की नाडी आणि बीपी उसळतं, छातीत दुखणं वाढतं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर तेही आधी सांगावं, कारण त्याने ईसीजीची रेघ काही कारण नसताना खाली झुकते.

काहींना आम्ही पट्ट्यावर चढवतच नाही. गेल्या दोन दिवसांत हार्ट अटॅक येऊन गेलेला, बसल्या जागी छातीत दुखणारा, महाधमनीची झडप फार अरुंद होऊन चक्कर येऊ लागलेला, हृदयाच्या स्नायूला ताजी सूज असलेला. विश्रांतीतच बीपी २००/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणायचं, मग चाचणी. ज्याच्या ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक आहे, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला जाणारी विजेची वाट अडली आहे, तो चालू शकतो, पण त्याच्या रेघेवरून ब्लॉकेजबद्दल काही बोलता येत नाही. त्याला दुसरी तपासणी लागते.

आता इलेक्ट्रोड. हे काम बाहेरून क्षुल्लक वाटतं, पण निम्म्या चाचण्यांची गुणवत्ता इथे ठरते, असं आमचं मत आहे.

‘काका, शर्ट-बनियन काढून इथे बसा. थोडे केस काढावे लागतील.’

‘सगळे?’

‘नाही हो, दहा ठिकाणी, रुपयाएवढे.’

सहा इलेक्ट्रोड छातीवर, चार हातापायांचे. पण हातपाय हलत राहणार, म्हणून ते चार खांद्याच्या हाडाखाली आणि पोटाच्या खालच्या अंगाला लावतात. केस काढून जागा स्पिरिटने पुसायची, वाळू द्यायची, मग बारीक सँडपेपरसारख्या पट्टीने दोन-तीन हलके फटकारे मारायचे. त्वचा किंचित गुलाबी दिसली की पुरे. वरचा मेलेल्या कातडीचा थर वीज अडवतो, तो निघाला पाहिजे. इलेक्ट्रोड चिकटवल्यावर त्यावर बोटाने टिचकी मारून पडद्याकडे बघायचं. रेघ वेडीवाकडी थरथरली तर तो काढून पुन्हा लावायचा. स्त्रियांच्या बाबतीत स्तनाखालचे इलेक्ट्रोड चालताना ओढले जातात, तिथे घट्ट स्पोर्ट्स ब्रा उपयोगी पडते. वायरी कमरेच्या पट्ट्यात गुंडाळून बांधायच्या, लोंबत्या ठेवायच्या नाहीत. एवढं सगळं घाईत उरकलं तर आठव्या मिनिटाला घामाने एक इलेक्ट्रोड सुटतो आणि रेघ वाचायची खरी वेळ येते तेव्हाच पडद्यावर गवत उगवल्यासारखं दिसतं. सगळी मेहनत पाण्यात.

संमतीपत्रावर सही करताना एक प्रश्न हमखास येतो: ‘यात काही होणार तर नाही ना?’ खोटं सांगत नाही. दहा हजार चाचण्यांमागे एखादा मृत्यू, असा ढोबळ हिशेब आहे, म्हणूनच विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर, ऑक्सिजन आणि औषधांची ट्रॉली पट्ट्यापासून दोन पावलांवर असते.

पट्टा सुरू झाल्यावर पहिली तीस सेकंदं सगळ्यांची सारखीच जातात. मान खाली, नजर पायांवर, दोन्ही हातांनी पुढचा दांडा गच्च. पायांकडे बघितलं की सरकत्या पट्ट्यामुळे भोवळ येते. समोर भिंतीवर नजर ठेवली की चाल आपोआप बसते. दांड्याचं दुखणं मात्र शेवटपर्यंत पुरतं. तिसऱ्या टप्प्यात चढ वाढला की माणूस त्याला लोंबकळतो, शरीराचं वजन हातांवर जातं, आणि यंत्र मात्र त्याच्या नावावर पूर्ण श्रम जमा करत राहतं. यंत्राला फक्त वेग आणि चढ कळतो. कागदावर १० मेट छापून येतात, प्रत्यक्षात काम बरंच कमी झालेलं असतं. म्हणून आम्ही सारखं सांगत राहतो, ‘दोन बोटं टेकवा, धरू नका.’ मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराला लागणारा प्राणवायू, वजनाच्या किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर. दहा मेट म्हणजे त्याच्या दहापट. ब्रूसच्या शिडीवर तिसरा टप्पा, म्हणजे नऊ मिनिटं, पूर्ण करणारा साधारण तेवढं काम करतो.

प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या मिनिटात बीपी घेतो. वरचा आकडा मेटमागे साधारण १० ने चढावा, खालचा तिथेच राहावा किंवा थोडा उतरावा. वरचा २५० च्या पुढे किंवा खालचा ११५ च्या पुढे गेला तर थांबण्याचा विचार होतो. पण आम्हाला चढणाऱ्यापेक्षा घसरणाऱ्या बीपीची धास्ती जास्त. वेग वाढतोय, चढ वाढतोय आणि वरचा आकडा सुरुवातीपेक्षाही १० ने खाली आला, तर हृदयाचा पंप मागणीला पुरा पडत नाहीये. सोबत रेघ बदललेली असेल किंवा छातीत दुखत असेल तर लगेच पट्टा बंद.

रेघेचं सांगायचं तर, ईसीजीत उंच सुळक्यानंतर एक छोटा सपाट तुकडा येतो, त्याला एसटी म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडू लागलं की हा तुकडा पायरी उतरल्यासारखा खाली जातो. किमान १ मिलिमीटर खाली, आणि आडवा किंवा पुढे अजून उतरत जाणारा असेल तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. खाली जाऊन झपकन वर चढणारी रेघ दमलेल्या निरोगी माणसातही दिसते. हा फरक कळायला रेघ स्वच्छ हवी, आणि म्हणून मघाची ती सँडपेपरची कटकट.

माणूस स्वतः काय सांगतो ते अर्धवट असतं. ‘ठीक आहे ना?’ विचारलं की ‘हो, हो’ येतं, चेहरा पांढराफटक पडलेला असला तरी. म्हणून आम्ही आकडा विचारतो. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची श्रमपट्टी भिंतीवर लावलेली असते: ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, १३ म्हणजे जरा जड, १७ म्हणजे फार जड. ६ पासून सुरुवात विचित्र वाटते, पण त्यामागे हिशेब आहे. निरोगी तरुणात तो आकडा गुणिले १० केला की साधारण नाडी मिळते. ‘चौदा’ असं उत्तर आलं की त्याचा उपयोग होतो. ‘ठीक आहे’चा होत नाही.

नाडीच्या लक्ष्याबद्दलही गैरसमज फार. २२० वजा वय ही कमाल नाडी, आणि तिच्या ८५ टक्के गाठायचे, असा प्रघात. ५४ वर्षांच्या माणसासाठी १६६ आणि १४१. पण हे सरासरीचं सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो, कधी त्याहून जास्त. २००१ साली आलेलं दुसरं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, त्याच माणसाला १७० देतं. बीटा ब्लॉकर चालू असेल तर दोन्ही सूत्रं निकामी. १४१ ला पोचलं म्हणून चाचणी बंद करावी असंही नाही. लक्षणं नसतील आणि रेघ सरळ असेल तर माणूस दमेपर्यंत चालवणं चांगलं, त्यातूनच खरी क्षमता कळते.

पट्टा थांबला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आमचं लक्ष मात्र उलट वाढतं. श्रम चालू असताना पोटऱ्या आणि मांड्यांचे स्नायू दर पावलाला रक्त पिळून वर ढकलत असतात. एकदम थांबलं की हे पंप बंद पडतात. पायातल्या शिरा मात्र अजून सताड उघड्या असतात. रक्त खाली साचतं, बीपी कोसळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याच वेळी रक्तातलं ॲड्रेनालिनसारखं द्रव्य अजून चढतंच असतं आणि पोटॅशियम झपाट्याने उतरत असतं. ठोक्यांची लय बिघडायला याहून सोयीची वेळ नाही. काहींची एसटीची रेघ चालताना सरळ राहते आणि विश्रांतीच्या तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला झुकते. म्हणून किमान सहा मिनिटं वायरी काढत नाही, कुणी कितीही गयावया केली तरी. पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली तेही नोंदतो. संथ चालत थंड होताना ती १२ किंवा त्याहून कमीच उतरली तर ते चांगलं लक्षण नव्हे.

मैदानावर नेमकं हेच चुकतं. पळून आल्यावर लोक गुडघ्यांवर हात टेकून तसेच उभे राहतात, नाहीतर थेट गरम पाण्याच्या अंघोळीला जातात. गरम पाण्याने शिरा आणखी पसरतात. पाच ते दहा मिनिटं हळूहळू चालत नाडी १०० च्या आसपास आणावी, अंघोळ त्यानंतर.

सुरुवातही तितकीच महत्त्वाची. १९७३ साली बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी ४४ निरोगी पुरुषांना कसलाही वॉर्मअप न देता काही सेकंद ट्रेडमिलवर जोरात पळवलं. बहुतेकांच्या ईसीजीत रक्त कमी पडल्याची चिन्हं उमटली. आधी हलकं जॉगिंग करून आलेल्यांत ती बरीच कमी झाली. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांना पसरायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. मागणी मात्र पहिल्या सेकंदाला वाढते.

रिपोर्टचा कागद हातात आला की एक छोटी बेरीज-वजाबाकी करता येते. तिला ड्यूक स्कोअर म्हणतात आणि ती ब्रूसच्या शिडीसाठीच आहे. चाललेली मिनिटं घ्या. एसटी किती मिलिमीटर झुकली त्याच्या ५ पट वजा करा. छातीत दुखलंच नाही तर ०, दुखलं पण चालता आलं तर ४, दुखण्यामुळे थांबावं लागलं तर ८ वजा करा. नऊ मिनिटं, रेघ सरळ, दुखणं नाही: ९. सहा मिनिटं, दीड मिलिमीटर, थोडं दुखलं: ६ वजा ७.५ वजा ४, म्हणजे उणे ५.५. अधिक ५ किंवा वर असेल तर धोका कमी, उणे ११ किंवा खाली असेल तर जास्त, मधले सगळे मधल्या गटात. यातला मिनिटांचा आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा बोलका असतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मायर्स यांच्या अभ्यासात पुरुषांच्या क्षमतेत एका मेटची वाढ म्हणजे जगण्याच्या शक्यतेत १२ टक्क्यांची सुधारणा, असं दिसलं.

आता कटू भाग. निगेटिव्ह चाचणी म्हणजे हृदयाचं हमीपत्र नव्हे. ही चाचणी रक्ताचा ओघ अडवणारं ब्लॉकेज पकडते, साधारण ७० टक्के किंवा जास्त अरुंद झालेली धमनी. तीही सगळी पकडत नाही. धमनीचा लक्षणीय आजार असलेल्या शंभरांतले तीसेक जण तिच्या हातून सुटतात. शिवाय बऱ्याच हार्ट अटॅकचं मूळ असतं कमी अरुंद जागेतल्या मऊ चरबीच्या थरात. तो थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि धमनी काही मिनिटांत बंद होते. कालपर्यंत तिथून रक्त व्यवस्थित जात होतं, मग रेघ झुकणार कशी? जिम फिक्स यांचं नाव धावणाऱ्यांच्या पिढ्यांना माहीत आहे. लाखोंना धावायला लावणारा हा अमेरिकन लेखक जुलै १९८४ मध्ये धावतानाच गेला, वय ५२. करोनरी धमन्यांत मोठी ब्लॉकेज निघाली. वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते, आणि पस्तिशीपर्यंत फिक्स स्वतः भरपूर सिगारेट ओढत. धावण्याने त्यांची क्षमता वाढली होती, पण धमन्यांचा इतिहास त्याने पुसला नाही. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हा आजार झाला असेल तर ते आम्हाला न विचारता सांगावं.

मग व्यायामच धोक्याचा का? इथे एक आकड्यांची जोडी आहे, ती आम्ही प्रत्येकाला ऐकवतो. १९९३ साली मिटलमन आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक आलेल्यांना विचारलं, आधीच्या तासात जोराचे श्रम झाले होते का? सरासरी बघता जोराच्या श्रमानंतरच्या तासाभरात धोका सुमारे सहापट होतो. पण आठवड्यातून एकदाही जोराचा व्यायाम न करणाऱ्यांत तो १०७ पट, आणि पाच किंवा जास्त वेळा करणाऱ्यांत २.४ पट. श्रम तेच, तासही तोच. सवय नसलेलं हृदय आणि एकदम आलेला ताण, या दोहोंची गाठ वाईट. सहा महिने खुर्चीत आणि रविवारी मित्रांबरोबर दोन तास फुटबॉल, हा प्रकार आम्हाला मॅरेथॉनपेक्षा जास्त भीतिदायक वाटतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांत ५९ हृदयं बंद पडली, म्हणजे १ लाख ८४ हजारांत एक.

पस्तिशीच्या आतल्यांची गोष्ट वेगळी. तिथे कारणं बहुधा जन्मतः किंवा अनुवंशिक असतात: स्नायू जाड होत जाणारी हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, भलत्या जागेहून निघालेली करोनरी धमनी, लाँग क्यूटीसारखे विजेचे दोष. यांत स्ट्रेस टेस्टपेक्षा साधा ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि घरातल्यांची नीट चौकशी जास्त कामाची. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली, आणि व्हेनेतो प्रांतात पुढच्या दोन दशकांत तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटले. खेळताना, पळण्याच्या भरात शुद्ध हरपली तर ती ‘ऊन लागलं’ म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही. पळून थांबल्यावर भोवळ येणं बहुतेकदा साधं असतं. पळता पळता कोसळणं तपासून घेईपर्यंत गंभीरच धरायचं.

आकडे वापरायचे कसे, ते एका उदाहरणाने. समजा विश्रांतीची नाडी ७०, चाचणीत बीटा ब्लॉकरची गोळी घेऊन गाठलेली सर्वोच्च १५०, रेघ सरळ. फरक ८०. त्याचे ४० ते ६० टक्के, म्हणजे ३२ ते ४८, विश्रांतीच्या नाडीत मिळवायचे: १०२ ते ११८. सुरुवातीचे काही आठवडे व्यायामात नाडी या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवायची. पण चाचणीत १२८ ला रेघ झुकली किंवा छाती जड झाली असेल, आणि डॉक्टरांनी व्यायामाची परवानगी दिली असेल, तर वरची मर्यादा त्याच्या किमान १० ठोके खाली, ११८ च्या वर कधीच नाही. गोळीची मात्रा बदलली की हा सगळा हिशेब रद्द, नव्याने मांडायचा.

मनगटावरच्या घड्याळावर आंधळा विश्वास नको. पळताना ते कधी कधी नाडी सोडून पावलंच मोजू लागतं आणि निवांत जॉगिंगला १७० दाखवतं. सैल पट्टा, घाम, थंड हात यांनीही चुकतं. शंका आली तर थांबल्याबरोबर मनगटावर दोन बोटं ठेवून १५ सेकंद मोजा, चारने गुणा. नाडी मोजणारा छातीचा पट्टा बराच भरवशाचा. यातलं काहीच हाताशी नसेल तर बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका दम मध्यम व्यायामाला बरोबर आहे.

मेटचा उपयोग असा. झपझप चालणं चारेक मेट, ताशी ८ किलोमीटरने पळणं आठच्या आसपास, चुरशीचा फुटबॉल दहा. ज्याचं शिखर चाचणीत ७ मेट होतं त्याने फुटबॉलच्या मैदानात उतरणं म्हणजे आपल्या कमाल मर्यादेच्या वर जाऊन तासभर राहण्याचा प्रयत्न. गणित जमत नाही. तीन-चार महिने आठवड्याला १५० मिनिटं चालणं, मग त्यात एक-एक मिनिटाचे जलद तुकडे, मग पुन्हा चाचणी. क्षमता वाढते ती अशी.

वजनं उचलणाऱ्यांनी श्वासाकडे बघावं. १९८५ साली शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत सुई ठेवून बीपी मोजलं होतं. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी ३२०/२५०, एकाचं तर ४८० च्या वर. कोंडलेला श्वास आणि शेवटपर्यंत खेचलेली कमाल उचल, दोन्हींचा तो परिणाम. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर १० ते १५ वेळा सहज उचलता येईल एवढंच वजन, उचलताना श्वास बाहेर, आणि शेवटची खेचाखेची वर्ज्य.

ताप आहे, अंग दुखतंय, तर व्यायाम बंद. ‘घाम काढला की ताप उतरतो’ हा सल्ला विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आणलेली असेल तर जीवघेणा ठरू शकतो. अशी सूज सिद्ध झाली तर तीन ते सहा महिने जोराचे खेळ नाहीत.

लक्षणं पुस्तकात लिहितात तशी येत नाहीत. ‘दुखतं’ असं फार थोडे म्हणतात. दाबल्यासारखं, भरून आल्यासारखं, आवळल्यासारखं म्हणतात, आणि बोलताना मूठ छातीवर ठेवतात. कुणाला जबड्यात, कुणाला पाठीच्या फऱ्यांमध्ये, कुणाला ‘ॲसिडिटी’. मधुमेहींना आणि स्त्रियांना कधी नुसता दम किंवा विलक्षण थकवा येतो. एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी: त्रास चढ चढताना येतो, थांबलं की दोन-पाच मिनिटांत जातो, आणि पुन्हा तेवढ्याच श्रमाला परत येतो. काहींना तर त्यातून चालत राहिलं की बरं वाटतं, आणि म्हणून महिनोन् महिने कुणाला सांगत नाहीत. ॲसिडिटी जिना मोजून येत नाही. त्रास पहिल्यांदाच आला असेल, किंवा आता पूर्वीपेक्षा कमी श्रमाला येऊ लागला असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे. थांबूनही पाच मिनिटांत गेला नाही तर रुग्णवाहिका. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी जवळ असेल तर ती बसूनच घ्या, उभ्याने बीपी पडतं. लैंगिक ताठरतेसाठीचं सिल्डेनाफिल घेऊन २४ तास किंवा टॅडालाफिल घेऊन ४८ तास झाले नसतील तर ही जिभेखालची गोळी घेऊच नका, आणि लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा.

आणि समोरचा माणूस कोसळलाच तर? हलवून हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नीट नाही, तर हृदय बंद पडलंय असं धरा. पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत आचके दिल्यासारखे, घोरल्यासारखे श्वास येतात; बघणाऱ्यांना वाटतं श्वास चालू आहे, आणि तिथेच वेळ जातो. तो श्वास नव्हे. एकाने फोन करायचा, एकाने छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तिसऱ्याने एईडी, म्हणजे विजेचा झटका देऊन ठोके लयीवर आणणारं स्वयंचलित यंत्र, आणायला पळायचं. दोन मिनिटांनी दाबणारा बदला, कारण थकलेल्या हातांचा दाब कमी होतो आणि ते स्वतःला कळत नाही. झटका मिळायला उशीर होईल तसतशी दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन कोसळला तेव्हा दाबणारे हात आणि यंत्र दोन्ही जवळ होते. शरीरात डिफिब्रिलेटर बसवून तो पुढच्याच वर्षी खेळायला परतला.

आमच्या खोलीत ते यंत्र दोन पावलांवर असतं. तुमच्या जिममध्ये किंवा मैदानावर ते कुठे आहे, हे पुढच्या वेळी वॉर्मअप करतानाच बघून घ्या: कपाटाला कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे, यंत्रावरचा हिरवा दिवा लागतोय का, आणि पॅडच्या पाकिटावरची तारीख उलटून तर गेली नाही ना.